कसोटी, गुंज आणि पुतळी

गहाण टाकायला आलेल्या डागाची किंमत सराफी पेढीवर पूर्वी कसोटीचा काळा दगड, तराजू, गुंजा आणि तेजाबाची बाटली एवढ्या साहित्यावर ठरत असे. डाग म्हणजे दागिना; पेढीवरचा हा रोजचा शब्द.

डाग कसोटीवर घासला की सोनेरी रेघ उमटते. तिच्याशेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सळईची रेघ ओढायची, दोन्हींचे रंग ताडून पाहायचे आणि तेजाबाचा थेंब सोडायचा. हिणकस सोन्याची रेघ विरत जाते, चोख सोन्याची टिकते. ‘कसाला उतरणे’, ‘बावनकशी’ हे बोल मराठीत या दगडावरूनच आले. कसोटीला मात्र वरचा थर तेवढा कळतो. मुलाम्याचा संशय आला की कानशीने खाच पाडून आतला कस घ्यावा लागे. पोकळ मणी व गोठ यांत लाख भरलेली असे. तिचे वजन वजा होई, आणि त्यावरूनच गिऱ्हाइकाशी सर्वांत जास्त हुज्जत होई.

आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, असे वजन चाले. इंग्रजी अमलात तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा ठरला. चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा, त्यामुळे बंदा रुपया तराजूत वजन म्हणून चालून जाई. आज बाजारात तोळा म्हटले की १० ग्रॅम धरतात.

पारखीची खरी परीक्षा होई ती पुतळीपाशी. पुतळ्यांच्या माळेतले मूळ नाणे व्हेनिसचे. तिथल्या टांकसाळीत १२८४ पासून १७९७ मध्ये प्रजासत्ताक कोसळेपर्यंत हा डुकाट पडत होता. साडेतीन ग्रॅमचा आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचा. मसाल्याच्या व कापडाच्या व्यापारातून तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला. त्याच्या एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा डोजे, म्हणजे तिथला प्रजासत्ताकप्रमुख, दोघांच्या मध्ये ध्वजाची काठी. या आकृत्यांवरून नाण्याला पुतळी हे नाव पडले. पुढे इथल्या सोनारांनी तिच्या नकला पाडल्या. भिंगातून पाहिले तर मूळ नाण्यावर लॅटिन अक्षरे वाचता येतात. नकलेवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा दिसतात. पेढीला हा फरक महत्त्वाचा नव्हता. दोन्हींचा कस चांगला असला तर दोन्हींना सोन्याचाच भाव.

गहाणाचा व्यवहार १८७२ च्या करार कायद्याने बांधला गेला. मुद्दल व व्याज थकले तर सावकाराने वाजवी सूचना देऊन डाग विकावा आणि येणे वळते करून उरलेली रक्कम ऋणकोला परत द्यावी, असे त्यात आहे. अक्षरओळख नसलेल्या कुणब्याला हा हक्क बजावणे अवघड होते. मे १८७५ मध्ये सुपे येथे दंगा उसळला तेव्हा लोकांनी सावकारांची खतपत्रेच जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला, आणि मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने सावकाराला परवाना घेणे भाग पडले.

न सुटलेला डाग बहुधा मुशीत जाई. घडणावळ, जडाव, जुनेपण यांना मोडीच्या भावात किंमत नसते, म्हणून कित्येक पिढ्यांची कारागिरी अशी वितळून गेली. ही हानी सोन्याच्या कुठल्याही घटीपेक्षा मोठी आहे. शिवाजी महाराजांचा होन वजनाने तीन ग्रॅमच्याही आत. मोडीत त्याचे येणार ते तेवढ्या सोन्याचे, संग्राहकाकडे मात्र वजनाचा प्रश्नच उरत नाही.

शंभर वर्षे जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते आणि त्याच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. घरातली जुनी पुतळी मोडीला नेण्याआधी तिच्यावरची अक्षरे एकदा भिंगाखाली पाहून घ्यावीत.