चोथा, आव आणि आतड्याचे अस्तर

जव्हार तालुक्यातील दाभोसा हे गाव लेंडी नदीवरील धबधब्यामुळे सर्वपरिचित आहे. या परिसरातील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आदी जमातींच्या आहारात नागली, वरई, रानभाज्या व कंद यांना परंपरेने मोठे स्थान आहे. हे अन्न चोथ्याचे. आणि मराठीत 'चोथा' म्हणजे सत्त्व काढून घेतल्यावर उरलेला टाकाऊ भाग. 'कोंड्याचा मांडा करणे' हा वाक्प्रचारदेखील कोंड्याची गणना अन्नात न करता दारिद्र्यातच करतो. तितकाच उपेक्षित दुसरा शब्द म्हणजे संस्कृत 'आम'पासून सिद्ध झालेला 'आव'. आतड्यातील चिकट स्राव रोगामुळे बाहेर पडू लागला म्हणजेच हा शब्द योजिला जातो. निरोगी शरीरातील त्याचे कार्य त्यात सूचित होत नाही. या दोन पदार्थांमधील नाते उलगडण्यास शास्त्राला एकविसावे शतक उजाडावे लागले.

शास्त्राची पूर्वीची दृष्टी भाषेहून फारशी निराळी नव्हती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मेचनिकॉफ यांनी मोठे आतडे हे कुजण्याचे स्थान मानले. 'आहारतंतू' या अर्थाची इंग्रजी संज्ञा हिप्सले यांनी १९५३ साली योजिली. १९७० नंतर बर्किट यांनी आफ्रिकेतील ग्रामीण आहाराच्या आधारे चोथ्याचा पुरस्कार केला. परंतु त्यांचा भर मुख्यतः मलाचे आकारमान व गती यांवर होता. १९८० मध्ये रोएडिगर यांनी दाखविले की, जंतू चोथा आंबवून जे ब्युटिरिक आम्ल निर्माण करतात, ते मोठ्या आतड्याच्या पेशींचे प्रमुख इंधन होय. १९९५ मध्ये गिब्सन व रॉबरफ्रॉइड यांनी उपकारक जंतूंना पोसणाऱ्या अन्नांशास 'प्रीबायोटिक' असे नाव दिले.

श्लेष्म्याचे रहस्य त्यानंतर उकलले. २००८ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी उंदरांच्या मोठ्या आतड्यात या अस्तराचे दोन थर दाखविले : बाहेरचा सैल व जंतूंनी व्यापलेला, आतला घट्ट व जवळजवळ जंतुरहित. म्हणजे आव हा मल नसून तट होय. २०१६ मध्ये महेश देसाई, एरिक मार्टेन्स प्रभृतींनी उंदरांच्या आतड्यात मानवी जंतूंच्या १४ जाती वसविल्या. आहारातील चोथा काढून घेताच काही जंतू श्लेष्म्यातील शर्करा खाऊ लागले, अस्तर झिजले आणि रोगजंतूंचा शिरकाव सुलभ झाला. विशेष हे की, शुद्ध करून वेगळे काढलेले प्रीबायोटिक तंतू दिल्यानेही ही झीज टळली नाही. अल्पसंस्कारित धान्य व वनस्पती यांच्या आहारात मात्र अस्तर टिकून राहिले.

उंदरांवरील निष्कर्ष मनुष्यास जसाच्या तसा लावणे युक्त नव्हे. तथापि जव्हारच्या संदर्भात त्याचा विचार अटळ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, तर सडलेल्या तांदळात सुमारे ३ ग्रॅम. स्वस्त धान्याच्या तांदळाने नागलीची जागा घेतली, तर भूक भागेल. पण जंतूंच्या वाट्याचे अन्न घटेल. उलटपक्षी, केवळ चोथ्याचे गुणगान करणेही अन्यायाचे होईल. १९९२ साली याच तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंचे स्मरण ठेवले पाहिजे. पोट रिकामे असेल तेथे तंतूंची चर्चा अप्रस्तुत ठरते. पुरेसे अन्न ही पहिली अट. त्या अन्नात नागलीचे स्थान राखणे ही दुसरी. ज्याला भाषेने टाकाऊ ठरविले, त्यावरच तटाची मजबुती अवलंबून असते, एवढा बोध या इतिहासातून निश्चित होतो.