मांजराचे सातवे घर

मांजर आपल्या पिलांना सात घरे दाखविते, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. व्याल्यानंतर थोड्याच दिवसांत मांजरी एकेक पिलू तोंडात धरून माळ्यावरून न्हाणीघरात आणि तेथून शेजाऱ्याच्या लाकडांच्या ढिगाआड नेऊ लागते. बोक्यापासून आणि माणसांच्या नजरेपासून पिले राखण्याची ती तिची रीत होय. परंतु ज्या पिलांची आई मेली, किंवा जी पिले कोणी पोत्यात घालून रातोरात मासळीबाजारात सोडून दिली, त्यांना घर कोणी दाखवावयाचे? मारल्यास पाप लागते म्हणून मारावयाचे नाही, आणि ठेवल्यास उपद्रव होतो म्हणून ठेवावयाचेही नाही, असा हा सोयीचा मध्यम मार्ग आपण पिढ्यान्‌पिढ्या चोखाळीत आलो आहोत. या प्रश्नाला माणसाने निरनिराळ्या काळी जी उत्तरे दिली, त्यांचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण तो आपल्याला थोडे खजीलही करणारा आहे.

पहिले उत्तर अन्नदानाचे. तेराव्या शतकात इजिप्तवर राज्य करणारा सुलतान बैबर्स याने कैरोतील मांजरांच्या पोषणासाठी एक बाग धर्मादाय लावून दिली होती. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड लेन हा इंग्रज पंडित तेथे राहिला, तेव्हा काळाच्या ओघात बागेचे उत्पन्न आटले होते. तथापि काझीच्या न्यायालयाच्या आवारात दररोज दुपारी मांजरांना खाऊ घालण्याची प्रथा तेवढी टिकून होती. बाग गेली तरी तिने लावलेली सवय मागे राहिली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरे उत्तर आश्रयाचे, आणि ते आपल्या मुंबईने दिले. १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून त्या शहरात मोठा दंगा झाला. त्यात पारशी समाज पुढे होता. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशहा अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पांजरपोळाचे तत्त्व असे की, आत आलेल्या जीवाला त्याचे आयुष्य सरेपर्यंत सांभाळावयाचे. उपयोग संपला म्हणून जीव टाकाऊ होत नाही, हा त्यामागचा विचार थोर होता. मात्र तेथे आलेला प्राणी सहसा बाहेर जात नसे. त्याला आश्रय मिळे, घर मिळत नसे.

तिसरे उत्तर लंडनमध्ये सापडले. १८६० मध्ये मेरी टील्बी नावाच्या बाईंनी हॉलोवे भागात हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी एक तात्पुरते निवासस्थान काढले. नावातील ‘तात्पुरते’ हा शब्दच महत्त्वाचा होता. कुत्रे मूळ धन्याकडे परत जावे, नाहीतर नवा धनी मिळावा, हा हेतू त्यात होता. माणसे उपाशी असताना कुत्र्यांची ही चैन कशाला, अशी टवाळी वर्तमानपत्रांनी केली. टील्बीबाई १८६५ मध्ये वारल्या; संस्था १८७१ मध्ये बॅटरसी येथे गेली आणि १८८३ पासून तिने मांजरांनाही दार उघडले. गंमत अशी की, संस्थेच्या नावात ‘मांजर’ हा शब्द यावयास २००२ साल उजाडले! कुत्र्याची निष्ठा माणसाला लवकर भावली. आपल्याच तंत्राने वागणाऱ्या मांजराला मान मिळावयास वेळ लागला. केवळ मांजरांच्या कल्याणासाठी झटणारी ‘कॅट्स प्रोटेक्शन लीग’ लंडनमध्ये स्थापन झाली ती १९२७ मध्ये.

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे कॅरोलाइन अर्ल व्हाइट यांनी प्राणिदयेच्या संस्थेसाठी अपार खटपट केली. पण स्त्री असल्यामुळे संस्थेच्या कार्यकारी मंडळात त्यांना स्थान मिळाले नाही. तेव्हा १८६९ मध्ये त्यांनी स्त्रियांची स्वतंत्र शाखा काढली आणि मोकाट प्राण्यांना आश्रय देऊन चांगल्या घरी सोपविण्याचा उपक्रम सुरू केला. दत्तकाची ही कल्पना पुढे सर्वत्र पसरली.

तथापि या व्यवस्थेत एक भयंकर उणीव होती. आश्रयस्थानाच्या भिंतींना मर्यादा असते. दत्तक घेणारे थोडे आणि येणारे जीव अगणित. जागा संपली की मारणे, हाच नियम होऊन बसला. या उणिवेचे अतिशय विदारक दर्शन १९३९ च्या सप्टेंबरात घडले. महायुद्ध सुरू होताच पहिल्या काही दिवसांत एकट्या लंडनमध्ये सुमारे ४ लाख कुत्री-मांजरे त्यांच्याच धन्यांनी नेऊन मारविली. तोवर शहरावर एकही बॉम्ब पडला नव्हता. प्राण्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे ठेवता येत नसेल, तर मरण देणे हीच दया, असा सल्ला त्या वेळच्या पत्रकात होता. उलट डचेस ऑफ हॅमिल्टन यांनी विल्टशरमधील आपला फर्न येथील वाडा अशा प्राण्यांना मोकळा करून दिला. जीव वाचणे अखेर एखादे दार उघडण्यावर अवलंबून होते.

हेच सूत्र पुढच्या काळात पद्धतशीर रीतीने हाती घेतले गेले. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिदया संस्थेने तेथील नगर-प्रशासनाशी करार करून, दत्तक देण्याजोग्या एकाही कुत्र्या-मांजराला मारावयाचे नाही, अशी हमी दिली. अशी हमी पाळावयाची तर गावातील घरेच आश्रयस्थाने व्हावयास हवीत. येथे ‘फॉस्टर’ म्हणजे तात्पुरते संगोपन करणारा गृहस्थ पुढे येतो.

मांजराच्या बाबतीत या संगोपनाला शास्त्राचाही आधार आहे. फिलाडेल्फियाच्याच टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिलाला माणसाचा हात लागतो, ते पुढे माणसाळते. हे दिवस पिंजऱ्यात गेले की पिलू बुजरे होते, आणि बुजऱ्या पिलाला कोणी घेत नाही. शिवाय लसीकरण पूर्ण न झालेल्या पिलांना गर्दीच्या आश्रयस्थानात साथीच्या रोगांची भीती असते. डोळे न उघडलेल्या पोरक्या पिलाला तर रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी दूध पाजावे लागते; तेही गाईचे नव्हे, कारण त्याने पिलाला हगवण लागते. अंगाला ऊब द्यावी लागते आणि आई जिभेने चाटून जे करविते, ते ओल्या कापसाने पुसून करवावे लागते. हे काम संस्थेच्या नोकराचे नव्हे. ते घरातल्या माणसाचेच.

आणि इतके करून आठव्या-दहाव्या आठवड्यात ते पिलू दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे! आपल्या परंपरेत या भूमिकेची आद्य देवता यशोदा होय. परंतु यशोदेच्या वाट्याला विरह न मागता आला. संगोपन करणारा तो पहिल्याच दिवशी पत्करतो. पुष्कळांना हे साधत नाही, आणि ते पिलू घरीच राहते. त्यात वाईट काही नाही. मात्र घर एकदा भरले की पुढच्या पिलाला दार बंद होते. म्हणून देऊन टाकणे हा प्रेमाचा अभाव नव्हे, तर प्रेमाचा विस्तार होय.

आपल्या देशात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांचे फळ म्हणून १९६० मध्ये प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा त्या कायद्याने अपराध ठरला आहे. म्हणजे पोते घेऊन मासळीबाजाराकडे जाणारा आपला तो मध्यम मार्ग कायद्याने केव्हाच बंद झाला; रूढीने अद्याप चालू आहे. पांजरपोळाने जीव टाकाऊ नसतो हे शिकविले; पुढच्या दीड शतकाने त्याला घर लागते हे शिकविले. सातही घरे दाखविण्याचा भार एकट्या मांजरीवर टाकून आपण आजवर निश्चिंत राहिलो. त्यांतले एक घर, आठ आठवड्यांपुरते का होईना, आपले असावे, एवढीच या इतिहासाची आपल्याकडे मागणी आहे.