मामाच्या वहीतला राजगड

मामाची दोनशे पानी वही मला गुंजवण्यात, आजीच्या माळ्यावर सापडली. वर स्केचपेनने लिहिलेलं: 'राजगडची रात्र'. आत गडाचा नकाशा आणि नकाशाभर आकडे. चोर दरवाजापाशी एक पहारेकरी, शेजारी 'आर्मर क्लास ३'.

मामा हॉस्टेलला असताना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचा, हे घरात ऐकलं होतं. टेबलाभोवती बसून खेळायचा हा खेळ. एकजण प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन आपण काय करणार ते सांगतात आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो आणला. तेव्हापासून कंपनीच्या पुस्तकांबरोबर खेळणारेही स्वतःच्या गोष्टी लिहीत आलेत. मामाची त्यातलीच एक. १७०४ मध्ये औरंगजेबाने राजगड घेतला आणि त्याला नबीशाहगड नाव दिलं. १७०७ मध्ये मराठ्यांनी तो परत मिळवला. मामाची गोष्ट या मधल्या काळातली. चार मावळे रात्री गुंजवण्यातून टेहळणीला वर निघतात.

मामा आता नाही. दिवाळीत सगळी भावंडं आजोळी जमणार होती. म्हटलं, यंदा मामाची गोष्ट खेळू.

अडचण एकच. वही १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांनी लिहिलेली आणि आम्ही खेळतो २०१४ ची पाचवी. जुन्या नियमांत आर्मर क्लास जितका कमी, तितकं त्या माणसाला मारणं अवघड. चिलखत नसेल तर १०, पोलादी पत्र्यांचं चिलखत (प्लेट मेल) असेल तर ३. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने हे उलटं केलं, आकडा जास्त तर मारणं अवघड. मग हिशोब सोपा आहे: २० मधून जुना आकडा वजा करायचा. ३ चा होतो १७. एका दुपारीत मी अख्खी वही बदलून काढली.

खेळ साफ पडला. जखमी मावळे पद्मावती तलावापाशी पोचले, झोपले आणि सकाळी ठणठणीत उठले. कारण पाचव्या आवृत्तीत आठ तासांच्या विश्रांतीने सगळे हिट पॉइंट परत मिळतात. मामाच्या आवृत्तीत दिवसभराच्या साध्या विश्रांतीने एकच मिळायचा. त्याच्या गोष्टीतली खरी भीती पहारेकऱ्यांची नव्हतीच, हळूहळू संपत जाणाऱ्या अंगातल्या बळाची होती. मी आकडे आणले, भीती वहीतच राहिली.

वाट सापडली ती मावशीच्या शोकेसमधल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यात. हे गोल पत्ते तिथल्या राजवाड्यात आजही हाताने रंगवतात. मुघलांचा गंजिफा ९६ पानांचा: आठ रंग, प्रत्येकी १२ पानं. आपल्याकडचा दशावतारी १२० पानांचा: दहा अवतार, दहा रंग. वरवर पाहिलं तर फक्त चित्रं बदलली आणि २४ पानं वाढली.

पण आता गंमत बघा. मुघल खेळात दिवसा सुरुवात करायचा मान सोन्याच्या नाण्याच्या रंगाला, म्हणजे सूर्याला. रात्री चांदीच्या नाण्याला, म्हणजे चंद्राला. दशावतारी खेळात दिवसा राम सुरुवात करतो आणि रात्री कृष्ण. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी! शिवाय अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि अर्ध्यांत एक्का मोठा, ही उलटापालटही टिकली. आधी चार-चार होते, आता पाच-पाच झाले. ज्यांनी कुणी हा बदल केला, त्यांनी नाणी नेली नाहीत. नाणी खेळात जे काम करत होती, ते काम नेलं.

मग मी वही पुन्हा उघडली. या वेळी आकडे बाजूला ठेवले आणि प्रत्येक पानावर एकच प्रश्न विचारला: मामाला इथे काय व्हायला हवं होतं? नवा नियम एका ओळीत झाला. गडावर पूर्ण विश्रांती नाही, ती फक्त खाली गुंजवण्यात. उतरलात तर बरे व्हाल, पण पुन्हा तोच चढ, आणि तोवर चोर दरवाजावरचा पहारा दुप्पट.

भाऊबीजेच्या रात्री आम्ही पुन्हा बसलो. तलावापाशी पोचल्यावर वीस मिनिटं नुसता वाद चालला. दोघांकडे तीन-तीन हिट पॉइंट उरले होते. शेवटी सगळ्यात धाकटा हळूच म्हणाला, "ताई, आपण उतरूया ना." दाराशी बसलेली आजी म्हणाली, "तुझा मामा पण असाच घाबरवायचा सगळ्यांना."

२०२४ मध्ये नियमांची पुस्तकं पुन्हा नव्याने आली आहेत. मी वहीत मामाच्या ३ शेजारी पेन्सिलीने १७ लिहिलंय. ३ खोडलेला नाही. खाली एक ओळ जोडली आहे: 'इथे दमछाक व्हायला हवी.' पुढच्या वेळी ही वही ज्याच्या हातात पडेल, त्याला आकडे त्याच्या पुस्तकात मिळतीलच.