टेरी ॲलन : गायक की चित्रकार?

इतिहास लिहिताना आपण सोयीसाठी कप्पे करतो: हा गायक, तो चित्रकार. टेरी ॲलन यांच्यापाशी आलो की आपली पंचाईत होते. जन्म १९४३ सालचा. टेक्ससमधल्या लबक गावी वाढलेले ॲलन लॉस एंजेलिसला चित्रकला शिकले, आणि पियानोवर कंट्री गाणीही रचत राहिले. १९७५ची त्यांची ‘हुआरेझ’ ही ध्वनिमुद्रिका मुळात शिलामुद्रित चित्रांच्या जोडीनं आली. १९७९ची ‘लबक (ऑन एव्हरीथिंग)’ तर त्यांनी गावी परतून, तिथल्याच वादकांना घेऊन केली.

पण आपल्याला थांबायचंय ते ‘यूथ इन एशिया’पाशी. व्हिएतनाम युद्धानं मागे ठेवलेल्या जखमांवरची ही ऐंशीच्या दशकातली कलाकृतींची मालिका. नाव नुसतं वाचलं तर अर्थ ‘आशियातली तरुणाई’. आता तेच मोठ्यानं म्हणून बघा: कानाला ‘यूथनेशिया’ ऐकू येतं, म्हणजे दयामरण! डोळ्याला तरुण दिसतात, कानाला त्यांचं मरण ऐकू येतं. ॲलन यांना फक्त चित्रकारांच्या कप्प्यात ठेवणारा इतिहास नेमकं ते मरणच गाळून टाकील. कप्प्यांची सोय आपल्याला एवढी महाग पडते.