समुद्र नसलेल्या देवळालीतली कॉन्सर्ट पार्टी

देवळालीला समुद्र नाही. तरी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावांत रंगणारा एक खेळ लष्कराबरोबर इथे आला: कॉन्सर्ट पार्टी. गाणी, नकला, विनोदी प्रवेश. बायकांची कामंही सोल्जरच करायचे. (बालगंधर्व आठवतात, पण तुलना जपून करा!)

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात तोफखान्यातला जिमी पेरी देवळालीत अशाच पार्टीत होता. पुढे डेव्हिड क्रॉफ्टबरोबर त्याने बीबीसीसाठी 'इट एन्ट हाफ हॉट मम' (१९७४-८१) ही मालिका लिहिली. आता, हे साधन वापरायचं कसं? लेखकानं स्वतः पाहिलंय, म्हणून थेट पुरावा मानायचा मोह होतो. पण लिखाण जवळपास तीस वर्षांनंतरचं, चित्रीकरण इंग्लंडात, आणि रंगी राम हा भारतीय बेअरर साकारला मायकल बेट्स या गोऱ्या नटाने, चेहरा रंगवून. त्यामुळे १९४५ च्या देवळालीबद्दल ही मालिका जेवढं सांगते, त्याहून जास्त १९७० च्या दशकातल्या ब्रिटिश प्रेक्षकाला कशाचं हसू यायचं ते सांगते. तोही इतिहासच आहे, फक्त प्रश्न बदलावा लागतो.

छावणीतल्या धोब्याला, भिश्त्याला हे खेळ बघून काय वाटलं असेल, ते मात्र यात शोधू नका. त्यासाठी आधी कॅम्पातल्या जुन्या घरांची दारं वाजवा, आणि मराठीत विचारा.