खाजणाचे बांध

मांडवी-जुवारीच्या काठची खाजणे म्हणजे भरतीच्या पाण्यापासून गावाने सोडवून घेतलेली भातजमीन. अफोन्सो मेशियाने १५२६ साली गावकारीचे रीतिरिवाज लेखनिविष्ट केले. बांध घालण्याची परंपरा त्याहून जुनी. चिखलमातीचा व जांभ्या दगडाचा बांध, आणि त्यात ‘मानस’. मानशीची लाकडी दारे भरतीच्या जोराने आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. तेथील मासळीचा हक्क लिलावात जाई. बांध फुटल्यास खारट जमीन सोसणारे कोरगुट भातही बुडे. म्हणून दुरुस्तीचा भार गावकारीवर होता.

या व्यवस्थेचे आम्ही आंधळे गुणगान करणार नाही. गावकार वंशपरंपरेने, तेही पुरुषच. चिखल उपसणारे हात बहुधा दुसऱ्यांचे. १९६४ चा कूळ कायदा व १९७६ ची त्याची दुरुस्ती यांनी कुळांस जमीन मिळाली, हे न्याय्यच झाले. बांध कुळांच्या संघांकडे आले. परंतु समुद्राची पातळी वाढत असताना कित्येक ठिकाणी मासळीच्या लोभाने मानशीची दारे भरतीतही उघडी राहू लागली. असे आत शिरलेले मीठ धुऊन निघावयास काही पावसाळे जावे लागतात, आणि तोवर शेत पडीक राहते.