शके १०९८ चे आकाश आणि आजचा मृग

बार्शीटाकळीच्या कालंका देवीच्या मंदिरात शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६-७७ चा शिलालेख आहे. मंदिराला सर्रास हेमाडपंती म्हणतात. पण यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, मंदिराहून बराच धाकटा. नावे काळाच्या बाबतीत अशी फसवतात. आकाशातल्या नावांनी होणारी फसगत याहून सूक्ष्म आहे.

एप्रिलअखेरीस रात्री आठच्या सुमारास या गावातून वर पाहावे. मघा जवळजवळ डोक्यावर असते. उत्तरेला सप्तर्षी चढलेले असतात. त्यांच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की पूर्वेला तांबूस स्वाती आणि तिच्यापुढे शुभ्र चित्रा सापडते. चैत्री पौर्णिमेचा चंद्र याच चित्रेच्या आसपास असतो, महिन्याचे नाव तिथूनच आले. दक्षिणेकडे क्षितिजालगत अगस्त्य मावळतीला लागलेला असतो. आणि पश्चिमेला, व्याधाला मागे ठेवून, मृग कलत असतो.

खरे पाहायचे ते हेच. मे महिन्यात मृग संधिप्रकाशात बुडतो आणि ७-८ जूनला ‘मृग लागला’ असे आपण म्हणतो तेव्हा तो दिसतच नाही, कारण सूर्यच त्या नक्षत्रात शिरलेला असतो. वऱ्हाडचा शेतकरी ज्याची वाट पाहतो ते नक्षत्र डोळ्यांना नव्हे, पंचांगाला दिसते. (सूर्यनक्षत्र आणि चंद्रनक्षत्र यांची गल्लत साहित्याचे अभ्यासकही करतात.)

आता शिलालेखाच्या काळात जाऊ. अयनचलनामुळे ऋतू आणि नक्षत्रे यांची सांगड सुमारे बहात्तर वर्षांत एका अंशाने ढळते. साडेआठशे वर्षांत हा फरक जवळजवळ बारा अंशांचा, म्हणजे बारा दिवसांचा होतो. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस राहतो. तेव्हा शके १०९८ मध्ये, ऋतुमानाने पाहता, मृग आजच्या मेअखेरीस लागत असणार आणि आज जिथे मृग आहे तिथे जवळपास आर्द्रा असणार. आर्द्रा म्हणजे ओली. पावसाच्या तोंडाशी हे नाव तेव्हा अधिक चपखल बसत होते, असे मला वाटते.

ही गोष्ट त्या काळच्या जाणकारांना नवी नव्हती. हा लेख कोरला गेला तेव्हा भास्कराचार्य साठी ओलांडून गेले होते. अयनचलनाची चर्चा त्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त आहे आणि तो ग्रंथ शके १०७२ चा. म्हणून यादवकालीन किंवा त्याआधीच्या एखाद्या ग्रंथात पावसाचे नक्षत्र आले, तर आजचे पंचांग उघडून त्याचा महिना ठरवणे धोक्याचे आहे. ग्रंथाचा शक आधी पाहावा, शतकामागे साधारण दीड दिवस वजा करावा, आणि मगच त्या ओळीतला पाऊस वळवाचा की मोसमी, हे ठरवावे.